दुकानातल्या पुतळ्याचा हात आपला कधी होतो?

आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेत कपड्याच्या दुकानांबाहेर पुतळे उभे असतात ना, त्यातल्या एखाद्या मोडक्या पुतळ्याचा हात मिळतोय का बघा, दुकानदार हसेल पण देईल. टेबलाशी बसायचं, आपला डावा हात पुठ्ठ्याच्या आड असा ठेवायचा की आपल्याला दिसणार नाही, आणि पुतळ्याचा डावा हात त्याच दिशेला बोटं करून डोळ्यासमोर. खांद्यापासून मनगटापर्यंत चादर टाकायची म्हणजे जोड झाकला जातो, आणि सोलापुरात चादर काय शोधत बसावी लागत नाही. मग कुणाला तरी दोन ब्रश देऊन सांगायचं की दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच बोटावर, एकाच दिशेनं फिरव. थोड्या वेळानं भलतंच होतं: ब्रशचा स्पर्श आपल्या हाताला नाही, त्या पुतळ्याच्या हाताला होतोय असं वाटायला लागतं. डोक्याला माहितीय की तो प्लॅस्टिकचा आहे, तरी वाटतंच.

हा प्रयोग १९९८ साली मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला, त्यांनी रबराचा हात वापरला होता. डोळे मिटून 'तुझा हात कुठाय ते दाखव' म्हटलं तर लोकांचं बोट खऱ्या हाताच्या जागेवरनं रबरी हाताकडं सरकत होतं. पुढं २००३ मध्ये आर्मेल आणि रामचंद्रन यांनी तर रबरी हाताचं बोट मागं वाकवून मोडल्यासारखं केलं, तेव्हा बघणाऱ्याच्या खऱ्या कातडीवर घाम वाढला, तो यंत्रावर मोजता आला. एवढं होऊन ब्रशची वेळ जरा मागंपुढं झाली, म्हणजे इथं आत्ता आणि तिथं अर्धा सेकंद उशिरा, की सगळा खेळ मोडतो. रबरी हात उलटा किंवा आडवा ठेवला तरी मोडतो.

कारण असं की आपला हात कुठाय हे मेंदूला आपोआप कळत नसतं, तो दर क्षणाला हिशेब लावत असतो. डोळा काय सांगतोय, कातडी काय सांगतेय, स्नायू-सांधे काय सांगतायत, तिघांचं वेळेवर जुळलं की 'हे माझं' असा शिक्का बसतो. आणि जागा ठरवण्यात डोळ्याचं वजन बऱ्याचदा जास्त पडतं, म्हणून सांध्यांची साक्ष बाजूला राहते.

नुसता हातच नाही, अख्खं अंग बदलता येतं. २०११ मध्ये स्टॉकहोममध्ये हेन्रिक एर्सनच्या टीमनं लोकांना डोळ्यांवर स्क्रीन लावून ८० सेंटीमीटरच्या बाहुलीचं शरीर 'आपलं' म्हणून दाखवलं, खाली बघितलं की बाहुलीचे पाय, त्यावर आणि खऱ्या पायावर एकदम स्पर्श. तर त्या लोकांना समोरच्या वस्तू मोठ्या आणि लांब वाटायला लागल्या. म्हणजे जग मोजायची आपली पट्टी आपलं शरीरच आहे की! आणि हातातली वस्तूही ह्या हिशेबात येते. गड्ड्याआधी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेआधी, संध्याकाळी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा, सराव चालतो तेव्हा काठी धरणाऱ्याकडं बघा, वरचा तोल तो डोळ्यानं कमी आणि कमरेनं जास्त ओळखत असावा असा माझा आपला तर्क. जपानमध्ये इरिकी यांनी १९९६ मध्ये माकडांना दाताळ्यानं खाऊ ओढायला शिकवलं, तेव्हा हाताजवळच्या जागेला प्रतिसाद देणाऱ्या त्यांच्या काही मेंदूपेशी दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेलाही प्रतिसाद द्यायला लागल्या होत्या.

आता चेहऱ्याचं बघू, मला खरी मजा इथंच वाटते. स्वतःचा चेहरा आपण थेट कधीच बघितलेला नसतो. सलूनमध्ये साबणाचा ब्रश गालावर फिरतो आणि आरशातल्या माणसाच्या गालावरही त्याच क्षणी फिरतो, तेव्हा तो आरशातला मीच, हे पक्कं होत जातं. मग आरशाच्या जागी दुसराच माणूस बसवला तर? मानोस त्साकिरिस यांनी २००८ मध्ये साधारण हेच केलं: आपल्या गालावर स्पर्श चालू असताना पडद्यावरच्या, अर्धा आपला अर्धा दुसऱ्याचा अशा मिसळलेल्या चेहऱ्यावर त्याच तालात स्पर्श दाखवायचा. नंतर 'मी कुठं संपतो आणि तो कुठं सुरू होतो' ही रेघ लोक दुसऱ्याच्या बाजूला सरकवत होते.

आणि ह्याचा परिणाम नजरेवर होतो. दुसरा जिकडं बघतो तिकडं आपण बघतोच, सात रस्ता चौकात एकानं वर मान केली की चार जण वर बघतात 'काय बे तिथं?' म्हणत. स्टॅन्ली मिल्ग्रॅम आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर हे मोजलं होतं, एक माणूस वर बघत उभा केला तर जाणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांनी वर बघितलं, पंधरा उभे केले तर ८६ टक्क्यांनी. पण सगळ्या नजरा सारख्या नसतात, स्क्रीनवर आपलाच चेहरा डावीउजवीकडं बघत असेल तर तो आपल्याला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त विचलित करतो. रोममधल्या साल्वातोरे आल्योती यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की दुसऱ्या माणसासोबत एकाच वेळी चेहऱ्याला स्पर्श करून घेतला की स्वतःच्या नजरेची ही ओढ कमी होते. गंमत म्हणजे तो जोडीदार दिसायला आणि स्वभावानं किती बरा वाटतो, यावरही ते अवलंबून होतं.

ह्यावर शंका घेणारेही आहेत, आणि घ्यावीच. २०२० मध्ये पीटर लश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्यावर संमोहनाच्या सूचना लवकर चालतात त्यांना रबरी हातही जास्त 'आपला' वाटतो, म्हणजे थोडंफार आपल्याला वाटायला पाहिजे म्हणून वाटत असणार. त्यामुळं 'काय वाटलं सांगा' अशा फॉर्मवर माझा विश्वास जरा कमीच. डोळा कुठं पळाला हे मशीन मोजतंय, तिथं मुद्दाम नाटक करणं अवघड जातं. घरी पुतळ्याचा हात आणून करणार असाल तर समोरच्याला आधी काहीच सांगू नका, हा लेखही वाचायला देऊ नका.