पार्श्वभूमी : रोकुझान यांची शिल्पे आणि मरणोत्तर ओतकाम

जपानी शिल्पकार ओगिवारा मोरिए ऊर्फ रोकुझान यांच्या स्मृतिदालनात मोजकीच शिल्पे आहेत. 1908 मध्ये ते पॅरिसहून परतले आणि 22 एप्रिल 1910 रोजी टोकियोत वारले, अवघ्या 30 व्या वर्षी. फ्रेंच शिल्पकार रोदँचे शिल्प पाहून ते चित्रकला सोडून शिल्पकलेकडे वळले, ही कथा सर्वपरिचित आहे. त्यांच्या स्मृतिप्रदर्शनांमागचा खरा पेच मात्र मृत्यूनंतर सुरू होतो.

रोकुझान मातीत घडवत. ओली माती टिकत नाही, म्हणून तिच्यावरून प्लास्टरची प्रतिकृती काढायची आणि ब्रॉन्झ ओतायचे ते त्या प्लास्टरवरून. पॅरिसमधला 'खाणकामगार' आज पाहायला मिळतो तो एका कलावंत मित्राच्या आग्रहामुळे. त्यानेच प्लास्टर काढून मायदेशी न्यायला लावले. शेवटचे 'स्त्री' हे शिल्प तर मृत्यूच्या थोडेच आधी पुरे झाले. गुडघ्यांवर टेकलेली, हात पाठीमागे गुंतवलेली, चेहरा वर उचललेली ही मीटरभर उंचीची आकृती. तिचे ब्रॉन्झ ओतले गेले ते शिल्पकार गेल्यावर. त्याच वर्षीच्या सरकारी कलाप्रदर्शनात ते मांडले गेले आणि सरकारने विकतही घेतले. आदल्या वर्षी त्याच प्रदर्शनाने त्यांचे 'निराशा' नाकारले होते, हे विसरता येत नाही.

पुढे याच प्लास्टरवरून आणखी ब्रॉन्झ प्रती निघाल्या आणि निरनिराळ्या संग्रहालयांत गेल्या. मग मूळ शिल्प कोणते? 1960च्या दशकात सरकारने महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून दर्जा दिला तो ब्रॉन्झला नव्हे, 'स्त्री'च्या प्लास्टरला. हा निर्णय योग्यच होता. बोटांनी दाबलेली माती, पाठीवरचे खडबडीत उंचवटे प्लास्टरमध्ये थेट उतरतात. ब्रॉन्झमध्ये मधे ओतारी येतो, घासकाम येते, रंग चढवणे येते. 'स्त्री'च्या ब्रॉन्झचा रंग आणि झिलई कशी असावी, हे शिल्पकाराला ठरवताच आले नाही. तरीही प्रदर्शनांच्या जाहिरातींत ब्रॉन्झच झळकते, कारण प्रवासाला प्लास्टर फार नाजूक. फ्रान्समध्ये मूळ मानल्या जाणाऱ्या ब्रॉन्झ प्रतींना 12ची मर्यादा आहे आणि त्यांवर क्रमांक घालतात. निदान ओतकामाचे वर्ष शिल्पाशेजारच्या पाटीवर हवेच. 'स्त्री, 1910' एवढेच लिहिले की पाहणाऱ्याला समोरची प्रत त्याच वर्षीची वाटते.

स्मृतिदालनाची सुरुवात टोकियोतच झाली. शिंजुकू भागात बेकरी चालवणाऱ्या दांपत्याने, म्हणजे रोकुझान यांच्या आश्रयदात्यांनी, त्यांचा स्टुडिओ आपल्या आवारात हलवून तिथे शिल्पे मांडली. पुढे 1915 मध्ये याच आवारातल्या एका स्टुडिओत भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस लपून राहिले होते. 'स्त्री'च्या चेहऱ्यात बेकरीच्या मालकीणबाई दिसतात, असे अनेक जण मानतात. प्रत्यक्ष मॉडेल म्हणून बसलेली स्त्री वेगळी होती.

शिल्पकाराच्या गावी, नागानो प्रांतातल्या होताका इथे, 1958 मध्ये चर्चच्या धाटणीचे विटांचे संग्रहालय उभे राहिले. त्यासाठी सुमारे 3 लाख लोकांनी हातभार लावला, त्यांत प्रांतातली शाळकरी मुलेही होती. दरवर्षी 22 एप्रिलला तिथे स्मृतिदिन पाळतात. शिंजुकूच्या त्या बेकरीनेही 2014 मध्ये आपल्या इमारतीत छोटे कलादालन उघडले.