लँडमार्क्स कमिशन, न्यूयॉर्क: मेंबरची मुदत

न्यूयॉर्कमधल्या जुन्या वास्तूंना संरक्षण देणाऱ्या लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशनच्या मेंबरची मुदत ३ वर्षांची असते. पेन स्टेशनसारखी देखणी इमारत १९६३ मध्ये पाडायला घेतली, लोक हळहळले, आणि १९६५ मध्ये कायदा होऊन हे कमिशन आलं. मेंबर ११, नेमतो महापौर पण सिटी कौन्सिलची संमती लागते. त्यात किमान ३ आर्किटेक्ट, १ इतिहासकार, १ नगररचनाकार किंवा लँडस्केप आर्किटेक्ट आणि १ रिअल इस्टेटवाला हवाच, शिवाय शहराच्या पाचही भागांतला निदान एकेक रहिवासी.

पहिल्याच वेळी सगळ्यांना ३ वर्षं दिली असती तर अकराच्या अकरा जण एकदमच घरी गेले असते, म्हणून सुरुवातीला ३ जणांना १ वर्ष, ४ जणांना २ आणि ४ जणांना ३ वर्षं दिली, म्हणजे आपल्या राज्यसभेसारखंच, थोडे थोडे बदलतात. पण महापौराची टर्म ४ वर्षांची, त्यामुळे मनात आणलं तर एका टर्ममध्ये तो सगळं कमिशन बदलू शकतोच की!

आणि खरी गंमत पुढे आहे. मुदत संपली म्हणून खुर्ची लगेच रिकामी होत नाही, जागेवर दुसरा माणूस येईपर्यंत जुनाच बसतो आणि त्याचं मतही पूर्ण धरलं जातं. नवीन नाव काढायला महापौराने उशीर केला की ३ ची आरामात ४ वर्षं होतात, फक्त माणूस लटकलेला, कधीही निरोप येईल. कोणी मधेच सोडलं तर नव्याला उरलेलीच मुदत मिळते.

प्रकरणं मात्र मुदतीपेक्षा लांबतात. ग्रँड सेंट्रल स्टेशनला १९६७ मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, त्याच्या डोक्यावर टॉवर बांधायचा वाद सुप्रीम कोर्टात मिटला १९७८ ला, तेवढ्यात मेंबरांच्या तीन टर्म सहज उलटल्या.

मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमावलीतही तज्ज्ञ मेंबरांसाठी ३ वर्षंच होती, आणि तोच माणूस परत नेमता येत असे.

न्यूयॉर्कमध्ये पगार फक्त अध्यक्षाला, बाकीच्यांना झालेला खर्च तेवढा मिळतो. सुनावण्या बहुतेक मंगळवारी. स्वतःचं ऑफिस चालवणारा आर्किटेक्ट ३ वर्षं फुकटात येऊन बसतो आणि कुणाच्या तरी संरक्षित इमारतीतल्या खिडकीची चौकट लाकडी हवी की ॲल्युमिनियमची चालेल यावर डोकं लावतो.