आरोग्य साक्षरता आणि लठ्ठपणातील वजनघट

आरोग्यविषयक माहिती मिळवणे, समजून घेणे, पारखणे आणि तिच्या आधारे निर्णय घेणे, या क्षमतेस आरोग्य साक्षरता म्हणतात. लठ्ठ व्यक्तींच्या वजनघटीवर तिचा परिणाम होतो असे मानले जाते. तो कितपत थेट आहे, याविषयी मतभेद आहेत.

या संकल्पनेचा उगम सामान्यतः आरोग्यशिक्षणाचे अभ्यासक स्कॉट सायमंड्स यांच्या १९७४ मधील लेखनात दाखवतात. तेथे रोख शालेय आरोग्यशिक्षणावर होता. दवाखान्यातील रुग्णाशी तिची सांगड बहुधा १९९० च्या दशकातील वाचनचाचण्यांनी घातली. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० मध्ये आरोग्य साक्षरतेचे कार्यात्मक (मूलभूत वाचन-लेखन), संवादात्मक (माहिती मिळवून संवादातून वापरणे) व चिकित्सक (माहिती पारखणे) असे तीन स्तर मांडले. वजनाच्या संदर्भात हीच मांडणी अधिक उपयोगी दिसते, कारण आहारतक्ता वाचता येणे आणि झटपट वजन उतरवण्याच्या जाहिरातीतील दावा पारखता येणे ही कौशल्ये वेगवेगळी आहेत.

मोजमापाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘रेल्म’ (REALM) या वाचनचाचणीत ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायचे असतात. उच्चार जमला तरी अर्थ कळलाच असे नाही. २००५ मधील ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरील पोषणमाहिती देऊन सहा प्रश्न विचारतात. एका वाढपात (एका वेळी खाण्याच्या प्रमाणात) २५० कॅलरी आणि डब्यात चार वाढपे असतील, तर अख्खा डबा खाल्ल्यास किती? उत्तर १,०००. येथे खरा कस आकडेमोडीचा लागतो, आणि कॅलरी मोजून खाणाऱ्याला तीच रोज करावी लागते. त्यामुळे या दोन चाचण्यांवर बेतलेले निष्कर्ष एका पंक्तीत बसवणे धोक्याचे आहे.

कमी साक्षरता आणि जास्त देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) यांचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. मात्र बहुतेक पाहण्या एकाच वेळी केलेल्या मोजणीच्या असून शिक्षण, उत्पन्न व वय यांचा प्रभाव त्यांतून पुरता वेगळा काढता येत नाही. प्रत्यक्ष वजनघट मोजणारे अभ्यास कमी, आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. समुपदेशकच हिशेब करून देत असेल, तर सहभागींमधील फरक झाकला जाण्याची शक्यता असते. शिवाय वजन उतरल्यावर लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक घटते, भूक वाढते व ऊर्जाखर्च कमी होतो. ही शारीरिक प्रतिक्रिया माहितीने टळत नाही.

उपचारांत सोपी भाषा, चित्रे आणि सांगितलेले रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेणे, या पद्धती वापरतात. त्यांनी आकलन सुधारते. वजनावरील दीर्घकालीन परिणामाचा पुरावा त्या मानाने तुटपुंजा आहे.