गादी, बाज आणि खुर्ची : खानदेशातल्या फर्निचरची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही मोठ्या फर्निचरच्या दुकानात आज घरचा माल एकीकडे आणि ऑफिसचा दुसरीकडे मांडलेला असतो. खानदेशात ही वाटणी मुळात जेमतेम 200 वर्षांची.

त्याआधी पेढी आणि घर यांची बैठक एकच होती. पांढरी गादी, मागे लोड-तक्के, समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. झाकणावर चोपडी टेकवून लिहायचं, आत रोकड. संध्याकाळी त्याच गादीवर पाहुणे बसत.

शेतकऱ्याच्या घरी तर फर्निचर म्हणजे बाज, पाट आणि फार तर एक संदूक. गावचा सुतार बलुत्यावर बाजेचे पाय घडवून द्यायचा, विणकाम घरचं. विण सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून घ्यायची, बाज पुन्हा ताठ. खानदेशचा उन्हाळा 45 अंशांच्या घरात जातो. विणीतून वारा खेळतो आणि वजन इतकं बेताचं, की रात्री अंगणात किंवा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, एकट्याने उचलून नेता येते. इथल्या हवेला याहून योग्य वस्तू मला अजून दिसलेली नाही.

1818 मध्ये पेशवाई संपली, खानदेश कंपनीकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. कचेरी आली, तिच्यासोबत टेबल-खुर्ची आली. 1860 च्या दशकात भुसावळला रेल्वे पोचली. 1906 मध्ये जिल्ह्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाल्यावर जळगावलाही कलेक्टर कचेरी बसली. सातपुड्याचा, नवापूरकडचा साग हाताशी होताच.

खरा फरक इथे पडला. बाजेवर कोणीही बसावं, आलेल्याला ‘बठा’ (अहिराणीत ‘बसा’) म्हणत जागा करून द्यावी. कचेरीतली खुर्ची मात्र हुद्द्याची: साहेबाची हातांची, कारकुनाची बिनहाताची, आणि अर्जदार उभा. मापंही कामाने ठरली. लिहिण्याचं टेबल साधारण 30 इंच उंच, खुर्चीची बैठक 17-18 इंच, पाठ सरळ. घरातला सोफा त्याहून बुटका आणि खोल, कारण तिथे रेलायचं असतं. म्हणूनच सोफ्यावर बसून लॅपटॉप चालवला की कंबर धरते. 2020 च्या टाळेबंदीत हे घरोघरी कळलं.

उलटा प्रवासही झाला. गोदरेजने 1923 मध्ये लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली. पुढे तेच कपाट लेकीच्या आंदणात आलं, आणि कुठल्याही कंपनीचं असलं तरी ‘गोदरेज’च म्हटलं जाऊ लागलं.

जुन्या पेढ्यांवर आता फिरत्या खुर्च्या आहेत. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या भिंतीला सरकवतात, सतरंजीवर गादी घालतात, लोड ठेवतात आणि नवी चोपडी पाटावर मांडतात. त्या रात्री मालकही मांडी घालूनच बसतो.