बेथ चॅटो यांची खडीची बाग

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, कोलचेस्टर शहराजवळील एल्मस्टेड मार्केट येथील बिनसिंचनाची बाग. उद्यानतज्ज्ञ बेथ चॅटो (१९२३–२०१८) यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, आपल्या उद्यानाच्या जुन्या वाहनतळावर ती उभारली. हा भाग ब्रिटनमधील सर्वांत कोरड्या भागांपैकी. वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिमी. उन्हाळ्यात नळीने बागेला पाणी घालण्यावर तेथे अधूनमधून बंदी येई. पाण्याविना कोणती झाडे तग धरतात, हे पाहण्यासाठी केलेला हा प्रयोग हवामानबदलाच्या काळात जगभरच्या उद्यानकारांना मार्गदर्शक ठरला.

खडीचा थर हेच या बागेचे रहस्य, असा समज आहे आणि नक्कलही त्याचीच होते. खरी मेहनत मात्र खडीखाली आहे. वाहनांनी दडपलेली वाळू-गोट्यांची जमीन आधी खोल फोडली, मग तीत कुजलेले खत मिसळले. रोपे लावण्यापूर्वी पाण्यात पुरती भिजवली जात. खडी सर्वांत शेवटी आली. ती बाष्पीभवन रोखते आणि तण कमी करते. मांडणी सुकलेल्या नदीपात्रावरून सुचलेली. वाफ्यांच्या वळणदार कडा रबरी नळ्या अंथरून आखल्या होत्या. या बागेत नळीला मिळालेले काम बहुधा एवढेच.

झाडांची निवड त्यांच्या मूळ अधिवासावरून झाली. या विषयाचा पती अँड्र्यू चॅटो यांचा आयुष्यभराचा अभ्यास येथे कामी आला. लव्हेंडर आणि सँटोलिनाची करडी पाने ऊन परतवतात, व्हर्बॅस्कमच्या पानांवर दाट लव असते, तर पानफुटीच्या कुळातले सेडम मांसल पानांत पाणी साठवते. ॲलियम व ट्यूलिप यांचे कंद ऐन उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतात. झाडे माना टाकू लागली तरी पाणी घालायचे नाही, हा दंडक होता. जी मेली त्यांच्या जागी दुसरी आली. काहींनी बी टाकून आपली जागा आपणच शोधली.

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माण, आटपाडी या तालुक्यांतही पाऊस साधारण इतकाच पडतो, पण बराचसा पावसाळ्यातच. एसेक्समध्ये तो वर्षभर थोडाथोडा पडतो आणि ऊनही सौम्य असते. त्यामुळे या बागेतील वनस्पतींची यादी इकडे जशीच्या तशी चालत नाही. लव्हेंडरसारखी भूमध्यसागरी झुडपे आपल्याकडे उन्हाळ्यातून वाचली, तरी पावसाळ्यात मुळे कुजून जातात.