रंग गेला, पण गेला कुठे?

नारळाच्या करवंटीचा कोळसा पाणी कसं साफ करतो हे कोकणात वेगळं सांगायला नको. घरच्या फिल्टरमध्येही बऱ्याचदा तोच असतो. घाण त्याच्या छिद्रांना चिकटते, पाणी पुढे जातं. हे अधिशोषण.

फोटोकॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे उजेडाच्या जोरावर चालणाऱ्या क्रियेत, घाण धरायची नसते, तोडायची असते. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणावर अतिनील उजेड पडला की आतला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. त्यातून पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे आक्रमक कण तयार होतात आणि ते रंगाचे रेणू फोडतात.

घोळ होतो तो इथे, कारण डोळ्यांना दोन्हीकडे एकच दिसतं: पाणी नितळ.

चिपळुणात एका प्रदर्शनात पोरांनी कोकमाच्या सालीचा काढा वापरून केलेली झिंक ऑक्साइडची पूड मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून बरणी गच्चीवर ठेवली होती. दोन तासांत निळा रंग गायब. "सर, उन्हाने तोडला!" मी विचारलं, अंधारातली बरणी कुठाय? नव्हतीच. तळाची पूड काढली तर निळीशार. स्पिरिटमध्ये ढवळली तर स्पिरिट निळं. पूड नीट भाजली गेली नव्हती. काढ्याचा उरलेला चोथा रंग धरून बसला होता. म्हणजे कोळशाचंच काम, नाव मात्र उन्हाचं.

म्हणून बरण्या तीन हव्यात. पूड घालून अंधारात, पूड न घालता उन्हात (मेथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही फिका पडतो) आणि पूड घालून उन्हात. तिसरीलाही आधी अर्धा तास अंधारात ढवळा, चिकटायचं ते चिकटू द्या, मग उन्हात नेऊन घड्याळ लावा. एवढं करूनही रंग जाणं म्हणजे रेणू पुरता संपणं नव्हे. तुकडे बिनरंगी असू शकतात. सीओडी (पाण्यातल्या घाणीचं ऑक्सिजनच्या हिशेबातलं माप) मोजल्याशिवाय लोटे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल माझ्यासमोर तोंड उघडू नये.

अशा पुडीला लावतात त्या "वनस्पतीजन्य" या शब्दाचीही मला चीड आहे. झिंक क्षाराच्या पुडक्यातून येतं, काढा फक्त कण बनवायला आणि बारीक ठेवायला मदत करतो. शिवाय उन्हात अतिनील जेमतेम ५ टक्के, आषाढात तर ऊनच कमी. आणि खाडीचं खारं पाणी मिसळलं की मिठातलं क्लोराइडही काही रॅडिकल खाऊन टाकतं.

प्रदर्शन संपल्यावर ती निळी पूड कुणीतरी मागच्या गटारात ओतली.