गतिमंद, मतिमंद की अध्ययन अक्षम : गावच्या शाळेतल्या ताई-दादांच्या कामामागची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक, पारशिवनी, कुही, भिवापूरकडच्या जिल्हा परिषद शाळांत दुपारचा तासभर येऊन, वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांचा सराव घेणारे आमचे स्वयंसेवक ताई-दादा आता नवे राहिलेले नाहीत. कुणी बारावी झालेली गावातलीच मुलगी, कुणी निवृत्त गुरुजी, कुणी नागपुरात बी.एड. करणारा आणि शनिवारी घरी येणारा. त्यांच्यासमोर कोणतं मूल बसवायचं, हे मात्र दर काही वर्षांनी वेगळ्या शब्दाने ठरत आलं. तो शब्द समजल्याशिवाय हे काम आजच्या ठिकाणी कसं आलं, ते कळत नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने अपंग मुलांना शक्यतो साध्या शाळेत शिकवावं असं सुचवलं. १९७४ मध्ये केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली. पण डोळ्यांसमोर होती ती न दिसणारी, न ऐकू येणारी, चालता न येणारी मुलं. १९९५ च्या कायद्यानेही अपंगत्वाचे सातच प्रकार मानले. ज्याचे हातपाय, डोळे, कान ठीक आहेत, जो गुरं राखतो, बाजारात हिशेब चोख करतो, पण चौथीत गेला तरी ‘सूर्य’ वाचू शकत नाही, तो या सातांत कुठेच नव्हता. गावात त्याला एकच शब्द होता : ‘ढ’.

राज्यात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. निर्णय चांगलाच होता. पण त्याचा फायदा घ्यायला तपासणीचा कागद लागायचा आणि तपासणी मोठ्या शहरात. एसटीने दोन-तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडवणं कापूस वेचणाऱ्या आईला कसं परवडणार?

२००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आलं आणि कोणत्याही मुलाला शाळेने नाकारायचं नाही हे धोरण ठरलं. दर अपंग मुलामागे वर्षाला १२०० रुपयांपर्यंतची तरतूद होती. फिरते विशेष शिक्षक नेमले गेले, पण एकेकाच्या वाट्याला इतक्या शाळा की एका मुलाची भेट महिन्यातून एकदा झाली तरी पुष्कळ. ही मधली जागा स्वयंसेवकांनी भरली. त्याआधीच्या, १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने नोंदणी नसलेल्यांना अपंग व्यक्तींबरोबर व्यावसायिक काम करायला बंदी घातली होती, म्हणून आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात बजावलं गेलं : ‘उपचार’ म्हणू नका, ‘सराव’ म्हणा.

आता त्या शब्दांच्या गुंत्याकडे. नागपूरच्या बाजूला ‘मतिमंद’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. म्हणून सभ्य माणसं त्याऐवजी ‘गतिमंद’ म्हणू लागली. हेतू मायेचा होता, पण त्यातून घोटाळा झाला. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात मंदगती मूल म्हणजे सावकाश शिकणारं मूल. बौद्धिक अक्षमता ही वेगळी गोष्ट आणि वाचन-लेखनापुरती अडणारी अध्ययन अक्षमता ही तिसरी. आमच्याकडे शाळेकडून येणाऱ्या यादीत तिन्ही एकाच रकान्यात, ‘गतिमंद’ म्हणून. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला पहिल्यांदा जागा मिळाली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणीची रीत ठरवली : आधी बुद्ध्यांक पाहायचा आणि तो ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या. बौद्धिक अक्षमता साधारण ७० च्या खाली धरतात. मग ७० ते ८५ मधलं मूल? ते खरं मंदगती मूल, पण त्याला कोणताच दाखला नाही, म्हणून सवलतही नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे. गावात या मुलाकडे फक्त ती दुपारची ताई असते.

त्यात भाषेची भर. पारशिवनी, रामटेककडे काही घरांत गोंडी बोलतात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत हिंदी. पुस्तकातली मराठी त्या मुलासाठी तिसऱ्याच कुणाची असते. ते अडखळलं तर अक्षमता की अनोळखी भाषा, हे एका दिवसाच्या शिबिरात ठरवणं योग्य नाही.

आपल्या लिपीचीही काठिण्यं आहेत, ती स्वयंसेवकांनी हळूहळू ओळखली. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. ‘सूर्य’ मधला र बोलताना य च्या आधी, लिहिताना य च्या डोक्यावर. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात मुख्य फरक शिरोरेषा तुटण्याचा. कुहीकडच्या एका मुलीबरोबर आमची ताई तीन आठवडे फक्त घ-ध करत होती. ताटात रांगोळी पसरून बोटाने गिरवायचं, ‘घ’ ला ‘डोक्यावर छप्पर’ म्हणायचं, ‘ध’ ला ‘छप्पर फाटलं’. दहाच्या काड्यांचे गठ्ठे रबराने बांधून हातचा शिकवला. मुलीची आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “ताई, माह्या पोरीले सारं समजते वो, कागद पाह्यला का घाबरते.” इतकं नेमकं निदान नंतरच्या एकाही फॉर्मवर मला दिसलं नाही.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइलवरच्या धड्यांत ही मुलं सर्वांत आधी गळाली. ज्या गावांत ताई-दादा होते तिथे मंदिराच्या ओट्यावर चार-पाच मुलं तरी बसत राहिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवलं : प्राथमिकला १० अपंग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना १५ मागे एक. त्या प्रमाणाजवळ पोचलेली गावची शाळा मी अजून पाहिलेली नाही. उलट स्वयंसेवकांचा वेळ कागदांत जाऊ लागला आहे. २०१८ च्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षानंतर, पुन्हा चौदाव्या वर्षी, पुन्हा अठराव्या वर्षी. प्रत्येक वेळी आधार कार्ड, शाळेचं पत्र, फोटो, तारीख आणि मुलाला घेऊन नागपूर.

ती कुहीची मुलगी आता सातवीत आहे. तिच्या ताईची वही अजून माझ्याकडे आहे : पहिल्या पानावर नाव, इयत्ता, ‘प्रकार’ हा रकाना कोरा, आणि पुढे बावीस पानं नुसती घ-ध.